नोंदवहीत नाव नसलेली धावपटू



मागच्या अंकाची पाने जुळवीत असताना एका सभासदाच्या मुलीचे पत्र आमच्या हाती आले. मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शिकते आणि रोज सकाळी कालव्याच्या रस्त्याने पळायला जाते. तिने लिहिले होते, ''तुमच्या अंकात कुस्तीचं मैदान असतं, बैलगाडीची शर्यत असते, एकरी टनेजचा विक्रम असतो. पण नावं सगळी पुरुषांचीच. बायका काय नुसत्या बघायलाच असतात का? लांब पल्ल्याच्या शर्यतीत बायकांनी काय करून दाखवलंय, ते एकदा छापा की.''

पत्र वाचून आम्ही जुने अंक चाळले. मुलीचे म्हणणे खरे निघाले. तेव्हा या विषयाची माहिती जमवायला बसलो. मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर १९५ मीटर, हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच्याही पुढे, पन्नास, शंभर, दोनशे किलोमीटरच्या शर्यती असतात आणि त्यांत बायका पळतात, एवढेच नव्हे तर कधी कधी सगळ्या पुरुषांच्या पुढे निघतात, हे आम्हालाही नीटसे माहीत नव्हते. जे कळले ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

उसाच्या मुलखातली शर्यत

दक्षिण आफ्रिकेत नाताळ म्हणून प्रांत आहे. त्याचे आजचे नाव क्वाझुलू-नाताळ. हा मुलूख आपल्यासारखाच उसाचा. तिथल्या मळ्यांत राबायला मद्रासहून ३४२ हिंदी माणसांना घेऊन 'ट्रुरो' नावाचे जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी डर्बन बंदराला लागले. करारावर गेलेल्या त्या मजुरांत बायाही होत्या. याच प्रांतात पीटरमॅरित्झबर्ग हे गाव आहे. १८९३ साली गांधीजींना आगगाडीच्या डब्यातून ज्या स्टेशनावर उतरवून दिले, ते हेच.

या पीटरमॅरित्झबर्गपासून डर्बनपर्यंत दरवर्षी एक शर्यत होते. तिचे नाव कॉम्रेड्स मॅरेथॉन. अंतर ८७ ते ९० किलोमीटर. म्हणजे आपल्याकडे नाशिकहून निघून शिर्डी गाठायची, तीही एका दिवसात आणि पळत. पीटरमॅरित्झबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचावर आहे आणि डर्बन समुद्रकाठी. एका वर्षी वरून खाली पळायचे, पुढच्या वर्षी खालून वर. वाटेत पाच मोठ्या टेकड्या आहेत. खाली उतरायचे वर्ष म्हणजे सोपे, असे कुणी समजू नये. घाट उतरून आलेल्या माणसाच्या मांड्या कशा बोलतात, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या व्हिक क्लॅफम नावाच्या इंजिन ड्रायव्हरने, युद्धात मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीखातर ही शर्यत सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ३४ जण पळाले आणि त्यांतले १६ शेवटपर्यंत पोहोचले. पहिला आलेला बिल रोवन याला ८ तास ५९ मिनिटे लागली.

या शर्यतीच्या दोन रीती सभासदांनी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे वेळेची मर्यादा. आता ती बारा तासांची आहे. बारा तास भरले की शेवटच्या रेषेवर एक अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. पाठ अशासाठी, की दोन पावले मागे राहिलेल्याचा चेहरा दिसला तर हात कचरेल. बार झाल्यावर जो येईल त्याला बिल्ला नाही. दुसरी रीत अशी, की ज्याने दहा वेळा शर्यत पुरी केली त्याचा क्रमांक कायमचा त्याच्या नावावर होतो. तो क्रमांक मग दुसऱ्या कुणाला देत नाहीत. आपल्याकडे सभासद क्रमांकाला जो मान, तोच तिथे त्या हिरव्या क्रमांकाला.

म्हणजे सारा खेळ नोंदीचा आहे. आणि आमची गोष्ट नोंदीपासूनच सुरू होते.

अर्ज नाकारला, तरी पळाली

सन १९२३. शर्यतीचे तिसरे वर्ष. फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईंनी शर्यतीसाठी नाव दिले. आयोजकांनी ते घेतले नाही. शर्यत पुरुषांची, बाईचे नाव कसे लावायचे? त्या काळी कुणाला त्यात वावगेही वाटले नसेल.

हेवर्डबाईंनी भांडण काढले नाही. शर्यतीच्या दिवशी त्या सुरुवातीच्या रेषेवर गेल्या, इतरांबरोबर निघाल्या, टेकड्या चढल्या, उतरल्या आणि ११ तास ३५ मिनिटांनी डर्बनला पोहोचल्या. त्यांना बिल्ला मिळाला नाही. नाव नोंदवलेच नव्हते, मग बिल्ला कुठला? पण बरोबर पळालेले पुरुष आणि रस्त्याच्या कडेचे लोक यांना ते बरे वाटले नाही. त्यांनी आपसांत मिळून बाईंना चांदीचा चहाचा संच आणि फुलदाणी भेट दिली. आयोजकांनी नोंद घेतली नाही, ती लोकांनी घेतली.

पुढे १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जेराल्डिन वॉटसन या बाईंनी चढाची आणि उताराची, दोन्ही वर्षांची शर्यत पुरी केली. त्यांचीही नोंद अधिकृत नव्हती. १९३५ साली रॉबर्ट मचाली हा काळा धावपटू साडेनऊ तासांत पोहोचला. त्याचे नाव कातडीच्या रंगामुळे घेतले नव्हते. दार सगळ्यांना एकच होते आणि ते बंद होते.

आता मधली एक गंमत पाहा. म्हणायला गंमत, खरे तर ती अन्यायाचीच गोष्ट आहे. १९२८ साली अॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी प्रथमच ८०० मीटरची शर्यत ठेवली. जर्मनीच्या लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिल्या आल्या. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या, नवांनीही ती पुरी केली. शेवटच्या रेषेपाशी कुणी दमून खाली बसली, कुणी आडवी झाली. शर्यत संपल्यावर पुरुषही तसेच पडतात. पण वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून लिहिले, की बायका पटापट कोसळल्या, हे त्यांच्या देहाला झेपणारे नव्हे. झाले! ती शर्यतच काढून टाकली. ती परत आली १९६० साली, रोमच्या ऑलिंपिकमध्ये. आणि बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडले.

म्हणजे असे, की जगातले शहाणे लोक ८०० मीटर बाईला जड जाते असे ठरवीत होते, त्याच्या पाच वर्षे आधीच एक बाई त्याच्या शंभरपट अंतर पळून गेली होती. मग तिचा दाखला कुणी का दिला नाही? कारण तिचे नाव कुठल्याही वहीत नव्हते. जे वहीत नाही, ते झालेच नाही असे धरले जाते. पुढच्या पन्नास वर्षांत कितीतरी मुलींना ''बायकांना हे जमत नाही'' म्हणून सांगितले गेले असेल, आणि जमल्याचा पुरावा कुणाच्या कपाटात चहाच्या संचाच्या रूपाने पडून राहिला असेल.

दार उघडल्यावर

कॉम्रेड्स शर्यतीने आपले दार १९७५ साली उघडले. त्या वर्षी ती पन्नासाव्यांदा होत होती. बायका आणि काळे धावपटू यांची नावे प्रथमच रीतसर घेतली. बायकांत एलिझाबेथ कॅव्हेना पहिल्या आल्या. वेळ १० तास ८ मिनिटे.

आता पुढचे आकडे सभासदांनी जरा सावकाश वाचावेत. आकडे वाचायची आपल्याला सवय आहे. साखर उतारा दशांश अपूर्णांकात कसा चढतो-उतरतो, ते आपण दर आठवड्याला पाहतो.

१९७५ साली १० तास ८ मिनिटे. १९८० साली इसावेल रोश-केली या तरुणीने ७ तास १८ मिनिटांत शर्यत पुरी केली. साडेसात तासांच्या आत येणारी ती पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी तिने ६ तास ४४ मिनिटे ३५ सेकंदांची वेळ दिली. सहा वर्षांत जवळजवळ साडेतीन तास कमी! तेवढ्यात बाईच्या देहात काही बदल झाला का? मुळीच नाही. देह तोच होता. फक्त नाव घ्यायला सुरुवात झाली. नाव लागले की मुलगी सराव करते, सराव केला की घरचे विचारतात, गाव विचारते, आणि पुढची मुलगी आदल्या मुलीच्या आकड्याकडे बघून पळते.

१९८९ साली फ्रिथ व्हॅन डर मर्व्ह या शाळामास्तरीण बाईंनी ५ तास ५४ मिनिटे ४३ सेकंदांत शर्यत पुरी केली. त्या वर्षी पुरुषांत पहिला आलेला सॅम त्शाबालाला हा कॉम्रेड्स जिंकणारा पहिला काळा धावपटू. त्याची वेळ ५ तास ३५ मिनिटे ५१ सेकंद. बाई त्याच्या मागे एकोणीस मिनिटांनी, आणि साऱ्या पुरुष-बायकांत मिळून पंधराव्या! हा विक्रम पुढे चौतीस वर्षे कुणाला हलला नाही.

तो हलवला गेर्डा स्टेन यांनी. या शेतावर वाढलेल्या. शिकून दुबईला नोकरीला गेल्या आणि तिथे पळायला लागल्या. २०१५ साली प्रथम कॉम्रेड्स पळाल्या, तेव्हा त्यांना सव्वाआठ तासांच्या वर वेळ लागला होता. गर्दीतली एक, एवढीच ओळख. पण दरवर्षी वेळ कमी करीत त्या २०१८ साली दुसऱ्या आल्या. २०१९ साली चढाच्या मार्गावर ५ तास ५८ मिनिटे ५३ सेकंद. चढ सहा तासांच्या आत काढणारी ही पहिली स्त्री. मग २०२३ साली उताराच्या मार्गावर ५ तास ४४ मिनिटे ५४ सेकंद, आणि २०२४ साली पुन्हा चढावर ५ तास ४९ मिनिटे ४६ सेकंद. उताराची वेळ किलोमीटरला चार मिनिटांहून कमी पडते. तासाला पंधरा किलोमीटर, तेही पावणेसहा तास सतत. कालव्याच्या रस्त्यावर सायकलवाल्याने एवढा वेग तासभर धरून दाखवावा, मग बोलू.

एक हिशेब आम्ही मुद्दाम करून पाहिला. हेवर्डबाई १९२३ साली उताराच्या दिशेने पळाल्या, स्टेनबाई २०२३ साली त्याच दिशेने. मधे बरोबर शंभर वर्षे. मार्गात थोडाफार फरक पडला आहे, पण गाव तेच, टेकड्या त्याच. ११ तास ३५ मिनिटांचे निम्मे किती होतात? ५ तास ४७ मिनिटे ३० सेकंद. स्टेनबाई त्याच्याही आत आल्या.

तान्हे मूल असताना

इथे कुणी म्हणेल, की सड्या मुलींना हे जमेल. लेकुरवाळ्या बाईचे काय? त्याचेही उत्तर आहे.

इंग्लंडच्या डोंगरांतून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी २६८ मैलांची, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटरची एक शर्यत असते. ती ऐन जानेवारीत, बर्फ-पावसात, रात्रंदिवस चालते. झोप किती घ्यायची ते ज्याने त्याने ठरवायचे. २०१९ साली ती जास्मिन पॅरिस या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ८३ तास १२ मिनिटे २३ सेकंदांत पुरी केली. बायकांत पहिल्या नव्हे, सगळ्यांत पहिल्या! आणि तोवर पुरुषाच्या नावावर असलेला विक्रम सुमारे बारा तासांनी मोडला. त्यांची मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची, अंगावर पिणारी. वाटेतल्या मुक्कामाच्या ठाण्यांवर थांबून त्या तिच्यासाठी दूध काढून ठेवीत होत्या.

याच बाईंनी २०२४ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात बार्कली नावाची शर्यत पुरी केली. जंगलातल्या डोंगरांत शंभर मैलांच्या आसपास अंतर, पाच फेऱ्या आणि साठ तासांची मुदत. १९८६ पासून चाललेल्या या शर्यतीत तोवर एकही स्त्री शेवटपर्यंत पोहोचली नव्हती. पॅरिसबाई मुदत संपायला ९९ सेकंद उरले असताना पोहोचल्या आणि फाटकाशीच खाली बसल्या. १९२८ साली असे खाली बसणे हा दुबळेपणाचा पुरावा ठरला होता. २०२४ साली साऱ्या जगाने त्याचे फोटो कौतुकाने छापले.

खोटी स्तुती करण्याची आमची इच्छा नाही. अव्वल पुरुष अव्वल बाईच्या अजून पुढे आहे. ज्या २०२३ साली स्टेनबाईंनी विक्रम केला, त्याच वर्षी पुरुषांत टेटे डिजाना ५ तास १३ मिनिटे ५८ सेकंदांत आला, म्हणजे सुमारे एकतीस मिनिटे आधी. पण अंतर फार लांबले, की नुसत्या ताकदीवर भागत नाही. सुरुवातीला उगाच जोर करायचा नाही, पोटात अन्नपाणी टिकवायचे, झोप आवरायची, शेवटपर्यंत एक चाल धरायची, हे सगळे लागते. मॅरेथॉनच्या पाहण्यांत असे दिसून आले आहे, की बायका पहिला आणि दुसरा निम्मा भाग पुरुषांपेक्षा अधिक सारख्या वेगाने पळतात. पुरुष सुरुवातीला उधळतो आणि मग दमतो. हे वाचून कित्येक भगिनींच्या चेहऱ्यावर हसू फुटेल, आणि ते का, हे आम्ही सांगायला नको.

आपल्या फडातला हिशेब

आता आपल्या घरी येऊ.

गळीत सुरू झाले की पहाटे चार-पाचलाच फडात टोळ्या उभ्या असतात. गडी ऊस तोडतो. बाई वाढे साळते, मोळ्या बांधते. मग पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन, लावलेल्या फळीवरून ट्रकवर चढते. खाली उतरते, परत चढते. दिवसाकाठी किती खेपा, ते कुणी मोजत नाही. खोपीवर परतल्यावर चूल तिचीच, लेकरू तिचेच, पाणी तिनेच आणायचे. असे चार-पाच महिने. ही लांब पल्ल्याची शर्यत नव्हे तर काय? तिथे निदान कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारे तरी असतात.

आणि हिची नोंद कशी? आपल्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. उचल नवऱ्याच्या नावावर आणि हिशेबही त्याच्याच नावावर. दोन माणसे राबतात आणि वहीत लिहितो एक. हेवर्डबाईंचे नाव शंभर वर्षांपूर्वी घेतले नाही म्हणून आपण हळहळलो. मग हिचे नाव आज कुठे आहे?

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आम्ही आमची चूक कबूल करतो. मागे एकरी टनेजच्या विक्रमाची बातमी घ्यायला आम्ही एका वस्तीवर गेलो होतो. गृहस्थ नोकरीनिमित्त बाहेरगावी, रविवारी घरी येणारे. आम्ही विचारले, ''पाव्हणं, बाळबांधणी कधी केली?'' ते म्हणाले, ''थांबा, हिला विचारतो.'' आम्ही म्हटले, ''खताचा दुसरा हप्ता?'' ते हसून म्हणाले, ''अहो, तेही हिलाच विचारा. आम्ही नावाचे मालक.'' वहिनींनी दारात उभ्या उभ्याच सगळे सांगितले. बेणे कुठून आणले, लागण कुठल्या तारखेला झाली, पाचट कसे ठेवले, पाण्याच्या पाळ्या किती झाल्या, सारे तोंडपाठ. एक तारीख चुकली नाही. आम्ही सगळे टिपून घेतले, चहा घेतला, आणि अंकात छापले ते गृहस्थांचे नाव व गृहस्थांचा फोटो. का? तर ऊस नोंद त्यांच्या नावावर होती म्हणून. गृहस्थ बिचारे प्रांजळ होते. चूक आमचीच.

पत्र लिहिणारी मुलगी कोण, हे आम्ही उघड करीत नाही. एवढेच सांगतो, की ती त्याच वहिनींची मुलगी आहे. ती नुसत्या शर्यतीबद्दल विचारीत नव्हती, हे आमच्या जरा उशिराच ध्यानात आले.

हा लेख छपाईला देण्यापूर्वी आम्ही शेतकी विभागात चौकशी केली. टोळीच्या करारनाम्यावर एकच नाव घेण्याची रीत पडली आहे, असे कळले. कागद तोच, शाई तीच. खाली बाईच्या नावाची एक ओळ वाढवायला काय पडते? तशी लेखी सूचना आम्ही दिली आहे. निर्णय संचालक मंडळाचा. मात्र जे आमच्या हातात आहे ते आम्ही पुढच्या अंकापासून करणार आहोत. एकरी उत्पादनाची यादी छापताना नोंद ज्याच्या नावावर आहे त्याचे नाव येईलच, आणि पीक ज्या हातांनी उभे केले त्यांचेही नाव त्याच ओळीत, त्याच टाइपात येईल.

तरी सर्व सभासदांना विनंती, की आपल्या घरातील ज्या भगिनीने ऊस केला असेल तिचे पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून आपल्या गट ऑफिसात द्यावे. चिठ्ठी तिने स्वतः लिहिली तर अधिक बरे. आणि कालव्याच्या रस्त्याने सकाळी कुणाची मुलगी पळताना दिसली, तर ''एवढी पळून कुठं जाणार?'' असे विचारू नये. तिला वेळ किती लागला, ते विचारावे आणि लिहून ठेवावे.